मोघ्यांची मूळची स्कूटर

दसऱ्याला आमच्या सोसायटीतल्या झाडून सगळ्या गाड्यांना झेंडूचे हार चढतात. मोघेकाकांच्या स्कूटरला हार घालत नाहीत, तिच्या पुढ्यात ठेवतात. जमिनीवर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर हार, बाजूला नारळ आणि समोर पांढरी स्कूटर, अशी ती पूजा असते. हार हँडलला बांधला तर दोऱ्याने रंग घासला जातो, देठाचा चीक प्लॅस्टिकला लागतो, आणि मुख्य म्हणजे कंपनीने हार बांधायला जागा दिलेली नाही. हळदकुंकवाला काकांची ना नाही, पण ते टायरला लावायचं. "टायर झिजतो, बाई. चार दिवसांत साफ," असं त्यांनी मला समजावून सांगितलं होतं. मोघेकाकू मुकाट्याने टायरला कुंकू लावतात आणि वाकून टायरलाच नमस्कार करतात.

मी त्याच सोसायटीत तळमजल्यावर राहते. गणिताच्या शिकवण्या घेते, म्हणून लहानथोर सगळे मला बाई म्हणतात. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थेट पार्किंगमध्ये उघडते आणि माझा स्वभाव पहिल्यापासून चौकस. दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसू नये हे मला पटतं, पण कान आणि डोळ्यांबद्दल कुणी काही सांगितलेलं नाही. त्यामुळे मोघेकाका आणि त्यांची स्कूटर हा माझ्या अभ्यासाचा जुना विषय आहे.

स्कूटर साधीच. बिनगिअरची, चिमुकली, कोथरूडच्या कुठल्याही गल्लीत दहा सापडतील अशी. पण बाकीच्या स्कूटरना मालकांनी काही ना काही केलेलं असतं. कुणी सीटला जाड कव्हर चढवतं, कुणी पुढे पिशवीसाठी आकडे लावतं, कुणी मागे मुलांची नावं लिहितं. मोघ्यांची स्कूटर शोरूममधून जशी आली तशी आहे. पेट्रोलच्या झाकणाजवळच्या सूचनांचा स्टिकर अजून वाचता येतो. विकत घेतानाच शोरूमवाला सीट कव्हर फुकट देत होता. काकांनी त्याला विचारलं, "कव्हर घालायचं असतं तर कंपनीनं घालूनच पाठवलं नसतं का? कंपनीतली माणसं वेडी आहेत का?" आता फुकट नको म्हणणारं गिऱ्हाईक पुण्यात भेटल्यावर तो बिचारा काय बोलणार.

पुढे एकदा डावा इंडिकेटर फुटला. त्याच मापाचा दुसरा कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत होता. काकांना तो चालेना, कंपनीचाच हवा. तो येईपर्यंत काका प्रत्येक डाव्या वळणाला हात बाहेर काढून, पूर्वीच्या पद्धतीने इशारा करत फिरले. मागच्या लोकांना वाटायचं काका कुणाला तरी बोलावतायत. एक जण खरंच जवळ आला म्हणतात.

याचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. मोघेकाका पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात होते. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, ड्रॉइंगवरच्या मापाशी ताडून बघायचा, केसभर फरक असला तरी बाजूला टाकायचा. निवृत्त झाले, पण हात आणि तोंड तेच राहिलं. "ड्रॉइंगमध्ये आहे का?" हा त्यांचा आवडता प्रश्न. गच्चीवर पत्रे घालायचे ठरले तेव्हा भर सभेत त्यांनी तो विचारला, ते समजू शकतं. पण पुतण्याच्या साखरपुड्यात नवऱ्यामुलाच्या वाढलेल्या दाढीकडे बघून, "मुलीला पाठवलेल्या फोटोत ही होती का? नव्हती. मग माल ड्रॉइंगप्रमाणे नाही," असं ते मुलीच्या वडिलांनाच म्हणाले. लग्न झालं. दाढी काढूनच झालं.

अशा माणसाच्या शेजारी माझ्या भाचीने आपली स्कूटर लावायला सुरुवात केली. सायली माझ्या बहिणीची मुलगी, अमरावतीची. खराडीला कंप्युटरच्या कंपनीत लागली आणि माझ्याकडे राहायला आली. तिने घेतली नेमकी काकांच्याच जातीची स्कूटर. काकांना कोण आनंद झाला. पण महिन्याभरात त्या स्कूटरला पायाशी निळे दिवे लागले, मोबाइलचा स्टँड आला, सीट बदलून जाड झाली आणि हॉर्न असा बसला की तो वाजला की वॉचमन मालट्रक आला समजून गेट उघडायला धावे.

मी कणीक मळत खिडकीशी उभी होते. काकांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली.

"सायली, हे काय आहे?"

"मॉडिफाय केली, काका. मस्त दिसते ना?"

"आधी काय वाईट दिसत होती?"

"वाईट नाही हो, पण सगळ्यांसारखीच दिसत होती."

"मग तू रंगीत चष्मा लावायचास. गाडीनं तुझं काय घोडं मारलंय? आणि ही सीट? कंपनीतली माणसं वेडी आहेत का?"

"वेडी नाहीत, काका. पण रोज कोथरूड ते खराडी जाते मी. त्यांच्या सीटनं कंबर जाते माझी. त्यांना काय माहीत माझी कंबर?"

काका मग फडकं घेऊन आपली स्कूटर पुसायला लागले, जी त्यांनी अर्ध्या तासापूर्वीच पुसली होती. सायली घरात येऊन म्हणाली, "मावशी, काहून एवढे चिडतात गं हे? गाडी माही, कंबर माही."

मलाही तेच कोडं होतं. बदल न आवडणारी माणसं खूप असतात, पण ती सगळी एका स्कूटरपायी एवढी हळवी होत नाहीत. एकदा मोघेकाकू मटार सोलायला माझ्याकडे येऊन बसल्या असताना मी विषय काढलाच.

"तुम्हाला काय कळायचंय त्यांचं?" काकू म्हणाल्या. "मीच अजून शिकतेय. तिकडं दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायचे. इथं मी चुका करत नाही. मग निदान काही बदलू तरी द्यायचं नाही, एवढंच उरतं ना माणसाला."

काकू अशाच. बुटक्या, गोऱ्या, चेहऱ्यावरची माशी हलणार नाही अशा बोलणाऱ्या. माहेर सदाशिव पेठेतलं. शाळेतल्या तीन मैत्रिणी अजून त्याच भागात राहतात आणि दर गुरुवारी दुपारी त्यांच्यातल्या एकीकडे चौघींचा रमीचा डाव बसतो. काकू त्यात कुणाला ऐकत नाहीत. बाकीच्या दिवशी कधी भिशी, कधी देऊळ, कधी काहीच नाही. गुरुवार म्हणजे गुरुवार. काका त्यांना स्कूटरवरून घेऊन जात आणि डाव संपेपर्यंत खाली रस्त्यावर स्कूटरजवळ वर्तमानपत्र वाचत थांबत. वर यायला बायका बोलवायच्या, पण काका जात नसत. पेठेत गाडी एकटी सोडली की कुणीतरी ती सरकवतं, आणि सरकवताना कुठं धरेल याचा नेम नाही.

मग काकूंचा उजवा गुडघा बदलावा लागला. बरेच दिवस त्या जिन्यात थांबत थांबत चढायच्या, शेवटी डॉक्टर म्हणाले आता पुरे. ऑपरेशनच्या आधी काकांनी त्या डॉक्टरांना काय काय विचारलं ते काकूंनीच मला सांगितलं. मूळचा गुडघा दुरुस्त होत नाही का, नवीन कुठल्या कंपनीचा, आणि त्याचं ड्रॉइंग बघायला मिळेल का. डॉक्टरांनी शांतपणे एक प्लॅस्टिकचा नमुना पुढे ठेवला. काकांनी तो उलटसुलट करून बघितला आणि म्हणाले, "काम चांगलं आहे." तेव्हा कुठं काकूंना आत नेण्यात आलं. शुद्धीवर आल्यावर काकू पहिलं वाक्य बोलल्या ते असं: "अहो, मी मॉडिफाय झाले. आता चालेन ना?"

काकू चालायला लागल्या. जिना चढायला लागल्या. पण स्कूटर जमेना. साडी नेसून एका बाजूला बसायचं, तर आधी त्या उंच सीटवर स्वतःला उचलून टाकावं लागतं. मग पाय ठेवायची पट्टी एवढी वर की गुडघा नको तितका मुडपतो. काकूंची उंची आधीच बेताची. पूर्वी त्या कसं करायच्या देव जाणे, आता होत नव्हतं. सायली म्हणाली, "काका, सोपं आहे. पट्टी खाली घ्या, पाठीला बॅकरेस्ट लावा. माझी गाडी केली त्या माणसाकडे एका दुपारचं काम आहे."

"स्कूटरला भोक पाडायचं?" काका म्हणाले. आपल्याच कानाला भोक पाडायचं असल्यासारखे.

मग त्यांनी स्कूटर सोडून बाकी सगळं बदलायला घेतलं. पहिल्यांदा रिक्षा. पण काका रिक्षात बसत नाहीत, कारण स्कूटर कुणी आणायची? म्हणून काकू पुढे रिक्षात आणि काका मागे स्कूटरवर अशी मिरवणूक निघाली. रिक्षावाल्याला वाटलं कुणी पाठलाग करतंय, तो गल्लीबोळांतून पळवू लागला. काकू सदाशिव पेठेत पोचल्या तेव्हा पत्ते पिसण्याची ताकद उरली नव्हती.

नंतर आला पाट. जेवायचा, शिसवी, काकूंच्या रुखवतात आलेला. काका तो स्कूटरच्या पायाशी आडवा ठेवून नेऊ लागले. निघताना पाट खाली ठेवायचा, काकूंनी त्यावर उभं राहायचं, तिथून सीटवर बसायचं. पोचल्यावर पुन्हा पाट. भर रस्त्यात साडी नेसलेल्या बाई पाटावर उतरतायत आणि काका एक हात पुढे करून उभे आहेत, हे दृश्य मी आमच्या गेटपाशी दर गुरुवारी फुकट बघत असे. पेठेत तर एका गृहस्थांनी अदबीने थांबून विचारलं, "अंतरपाट कुठाय?" काकूंनी त्यांना सांगितलं, "धुवायला टाकलाय." पण खरं सांगायचं तर काकू खूश होत्या. डाव पुन्हा चालू झाला होता, त्या जिंकत होत्या, आणि स्कूटरला ओरखडाही नव्हता.

एका गुरुवारी मैत्रिणीच्या दारात पाट ठेवला तो उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर. काकूंनी पाय ठेवला आणि पाट कलंडला. काका धरेपर्यंत काकू रस्त्यावर बसलेल्या. नशीब की लागलं फारसं नाही, कोपर तेवढं खरचटलं. पण वर गॅलरीत तिघी मैत्रिणी उभ्या होत्या, पानाच्या टपरीवरचे सगळे धावत आले, कुणी पाणी आणलं, कुणी "आजी, आजी" करत बसलं. काकूंनी आयुष्यात कुणाला असं आपल्यावर वाकून बघू दिलं नव्हतं. त्या उठल्या, डाव न खेळता रिक्षा करून घरी आल्या आणि काकांना म्हणाल्या, "मी आता जाणार नाही. पत्ते काय, इथं बसूनही लावता येतात."

आणि खरंच त्या बसल्या. दुपारी वरच्या मजल्यावरच्या त्यांच्या खिडकीत एकटीच पेशन्स लावत. मी वाळलेले कपडे काढायला गेले की दिसायच्या. मैत्रिणींचे फोन यायचे, तेव्हा त्या गुडघा दुखतो म्हणून सांगायच्या. गुडघा मुळीच दुखत नव्हता. काका एक-दोन गुरुवार नेहमीच्या वेळी खाली आले, स्कूटर पुसली, किल्ली लावली, काढली आणि वर गेले. मला फार वाईट वाटलं. सायलीला तर रागच आला. "एका पट्टीसाठी काकूला कोंडून ठेवलं या माणसानं," ती म्हणाली. मी तिला गप्प केलं, पण माझ्या मनातही तेच होतं.

त्यानंतरच्या रविवारी काका आमच्या दारात उभे. हातात गुंडाळी केलेला जाड कागद.

"सायली आहे का? तिचा तो माणूस कुठं बसतो?"

सायली चहाचा कप तसाच हातात घेऊन बाहेर आली. "नाना पेठेत. का हो काका?"

काकांनी आमच्या जेवायच्या टेबलावर कागद पसरला. पट्टी, पाठीचा टेका, आणि चालवणाऱ्याच्या व मागे बसणाऱ्याच्या मधे धरायला एक उभी दांडी. समोरून, बाजूने, वरून, तिन्ही बाजूंनी काढलेली, प्रत्येक माप बाणांसह. खाली कोपऱ्यात "तपासले" म्हणून सही. मला गणित शिकवताना इतकी स्वच्छ आकृती कधी जमली नाही.

"आता ड्रॉइंगमध्ये आहे," काका म्हणाले.

मापं कशी घेतली ते काकूंकडून कळलं. त्यांना वेगवेगळ्या उंचीच्या खुर्च्यांवर बसवून काकांनी टेपने गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं होतं. "मी विचारलं, ब्लाउज शिवायला टाकताय का मला? तर म्हणतात, हलू नको. दोन दिवस हलू नको, हलू नको." काकू चेहरा तसाच ठेवून सांगत होत्या, पण सांगायला मुद्दाम खाली आल्या होत्या.

सायली काकांना घेऊन नाना पेठेत गेली. तिथला फिटर सलीमभाई मोठा गप्पिष्ट. "काका, टेन्शन नका घेऊ, अशा शेकडो केल्यात. कागद कशाला?" असं म्हणत त्याने कागद बाजूला ठेवला, तो काकांनी पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. असं दुपारभर चाललं. पट्टी एकदा वेल्ड करून झाली ती काकांनी मोजली आणि नापास केली. सलीमभाईने कपाळाला हात लावून ती पुन्हा केली. सगळं होईपर्यंत काका त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होते. "पण मावशी," सायली म्हणाली, "ड्रिल स्कूटरला लागलं ना, तेव्हा काका पाठ करून उभे राहिले. भिंतीकडे तोंड करून. झालं म्हणेपर्यंत वळलेच नाहीत." तिचा राग कुठल्या कुठे गेला होता.

गुरुवारी दुपारी मी शिकवणीच्या मुलांना उदाहरणं सोडवायला दिली आणि सरळ बाहेर पार्किंगमध्ये जाऊन उभी राहिले. खिडकीतून बघण्यासारखी ही गोष्ट नव्हती. काकू ठेवणीतली साडी नेसून आल्या. खालच्या पट्टीवर पाय ठेवला, दांडी धरली आणि अगदी अलगद सीटवर बसल्या. पाठ टेकली. गुडघा हवा तेवढाच मुडपला. मी टाळ्याच वाजवल्या.

"खुर्चीत बसल्यासारखं वाटतंय," काकू म्हणाल्या. काकांनी वाकून पट्टी बघितली, टेका बघितला, दांडी हलवून बघितली. "दांडी घट्ट धर," ते म्हणाले आणि स्कूटर सुरू केली.

गेटपर्यंत गेले आणि थांबले. मागे वळून बघितलं.

"काय झालं?" काकूंनी विचारलं.

"काही नाही. बसलीयस ना?"

"नाही, उतरून पुढं गेले."

स्कूटर पुन्हा निघाली. गेटच्या बाहेर दहा पावलांवर पुन्हा थांबली. काकांनी पुन्हा मागे बघितलं. मला वाटलं वेल्डिंग सुटलं की काय. मी चपला फटफटवत गेले.

"काका, काही लागतंय का? वजन एका बाजूला जातंय?"

"छे हो, बाई. सगळं मापात आहे. पण..." काका हँडलकडेच बघत होते. "मागं कुणी आहे असं वाटतच नाही."

"अहो, दर दहा पावलांवर थांबायचं असेल तर मी चालतच जाते," काकू म्हणाल्या. "मैत्रिणी जेवणाच्या वेळेपर्यंत थांबायच्या नाहीत."

काका मग मान न वळवता म्हणाले, "तुझा हात कुठं आहे?"

"दांडीवर. तुम्हीच सांगितलंत घट्ट धर म्हणून."

"तो इथं असतो," काका म्हणाले, आणि त्यांनी आपल्याच खांद्यावर दोन बोटं ठेवून दाखवली. "लग्न झाल्यापासून तो इथं असतो. तोच ड्रॉइंगमध्ये घ्यायचा राहिला."

मी दुसरीकडे बघितलं. इतकी वर्षं मी या माणसाला खिडकीतून बघत होते आणि मला काहीच दिसलं नव्हतं.  काकूंनी दांडी सोडली आणि उजवा हात काकांच्या खांद्यावर ठेवला. सदऱ्याची सुरकुती नीट केली आणि हात तिथंच राहू दिला.

"चला आता," त्या म्हणाल्या. "पत्ते वाटून ठेवले असतील."

काका निघाले. कोपऱ्यावर डावं वळण घेताना त्यांनी एकदाही मागे बघितलं नाही.